जीपचे दार सहज का लागत नाही?

साध्या मोटारीचे दार हलक्या हाताने ढकलले तरी ‘खट्’ असा आवाज करून घट्ट बसते. जीपच्या वळणाच्या वाहनांचे मात्र तसे नसते. पहिल्या प्रयत्नात दार अर्धवटच अडकते, डॅशबोर्डवरील तांबडा दिवा जळत राहतो आणि दार पुन्हा उघडून जोराने आपटावे लागते. अशी गाडी प्रथमच घेणाऱ्या अनेकांना हा अनुभव येतो. डोंगरवाटा आणि चिखल तुडविण्यासाठी बनविलेली ही वाहने आता शहरी कुटुंबांच्या रोजच्या वापरात आली आहेत. मुलांना शाळेत सोडण्यापासून आठवड्याच्या बाजारापर्यंत त्यांचा संचार असतो. त्यामुळे न लागणारे दार ही केवळ गैरसोय राहिलेली नाही. तो प्रवाशांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

दोन टप्प्यांचा खटका

हा धोका समजण्यासाठी दाराच्या खटक्याची रचना पाहावी लागेल. दाराच्या कडेला आत नखीसारखा एक फिरता तुकडा असतो आणि गाडीच्या खांबावर पोलादी कडी बसविलेली असते. तिला स्ट्रायकर म्हणतात. दार ढकलले की कडी नखीत शिरते, नखी फिरते आणि एक छोटा अडसर तिला मागे फिरू देत नाही. हा अडसर दोन ठिकाणी अडकू शकतो. पहिल्या ‘खट्’ला दार अर्धवट अडकते, दुसऱ्या ‘खट्’ला ते पूर्ण बंद होते. दार नीट लागले नाही तरी चालत्या गाडीत ते एकदम उघडू नये, एवढ्यापुरताच पहिला टप्पा असतो.

या दोन टप्प्यांच्या बळात मोठे अंतर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर नोव्हेंबर २००४ मध्ये वाहनांसाठीचा पहिला जागतिक तांत्रिक नियम संमत झाला. तो इंजिनाविषयी किंवा ब्रेकविषयी नव्हता, तर दाराची कुलपे आणि बिजागऱ्या यांविषयी होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्यानुसार बाजूच्या दाराच्या पूर्ण लागलेल्या खटक्याने एका दिशेने ११,००० न्यूटन आणि खटका उघडण्याच्या दिशेने ९,००० न्यूटन एवढा ताण सोसला पाहिजे. हा ताण अनुक्रमे सुमारे अकराशे आणि नऊशे किलो वजनाइतका होतो. अर्धवट लागलेल्या खटक्याकडून मात्र दोन्ही दिशांना केवळ ४,५०० न्यूटनांची अपेक्षा आहे. म्हणजे आतून बाहेर रेटा बसला, तर अर्धवट दाराकडून निम्म्याच बळाची हमी असते. अपघातात प्रवासी गाडीबाहेर फेकला जाणे किती घातक ठरते, हे ध्यानात घेतले की तांबड्या दिव्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

दारच नसलेली गाडी

दार लागत नाही याची काही कारणे या वाहनांच्या इतिहासात आहेत. दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून मोठ्या संख्येने बनलेल्या लष्करी जीपला पोलादी दारेच नव्हती. सैनिकाला चटकन चढता-उतरता यावे म्हणून बाजू मोकळ्या ठेवलेल्या होत्या. स्वातंत्र्यानंतर मुंबईत माझगावला महिंद्रने ज्या विलीज जीपची जुळणी सुरू केली, ती याच घराण्यातली. पुढे दारे आली, पण उभट आणि सपाट. अमेरिकी रँग्लरची दारे तर आजही काढून ठेवता येतात. त्यासाठी तिच्या बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला असतात आणि २०१८ च्या मॉडेलपासून दारे वजनाला हलक्या अ‍ॅल्युमिनियमची आहेत. जड दार हळू ढकलले तरी स्वतःच्या भाराने पुढे जाते. हलक्या दारात तेवढा जोर उरत नाही.

हा जोर लागतो तो मुख्यतः रबरासाठी. धूळ आणि पाणी आत येऊ नये म्हणून दाराच्या चौकटीभोवती रबराची जाड पट्टी असते. ती पुरेशी दाबली गेल्याशिवाय खटका दुसऱ्या टप्प्यापर्यंत पोहोचत नाही. नव्या गाडीचे रबर ताठ असते. काही महिन्यांत ते बसते आणि दारही सहज लागू लागते.

दुसरा अडथळा हवेचा. बाकीची दारे आणि काचा बंद असताना शेवटचे दार लावले की आतली हवा कोंडते आणि दाराला मागे ढकलते. ती निघून जावी म्हणून मोटारींना मागील बाजूस रबरी झडपा असलेली छिद्रे ठेवलेली असतात. आखूड, दोन दारांच्या गाडीत आतली जागा कमी आणि दार मोठे, म्हणून हवेचा हा दाब अधिक जाणवतो.

तिसरे कारण गाडीच्या सांगाड्यात आहे. यांपैकी बहुतेक वाहनांत स्वतंत्र चासिसवर रबरी गुटके ठेवून वर बॉडी बसविलेली असते. एक चाक दगडावर आणि दुसरे खड्ड्यात असले की चासिसला पीळ पडतो, त्याचा काही अंश बॉडीपर्यंत जातो आणि दाराची चौकट किंचित तिरकी होते. काही मिलिमीटरचा फरकही नखी आणि कडी यांची गाठ चुकवायला पुरतो. पक्के छप्पर नसलेल्या गाडीत खांबांना वरून आधार नसल्याने हा परिणाम जास्त दिसतो. अशा वेळी दार आपटत बसू नये. गाडी सपाट जागी आणून पाहावे, दार पूर्ववत लागण्याची शक्यता अधिक असते.

दोष कोठे आहे, हे कसे ओळखावे?

दार रोजच नीट लागत नसेल, तर काही साध्या चाचण्या घरीही करता येतात. प्रथम एक काच खाली करून दार लावावे. ते सहज लागले, तर कारण हवेचे आहे. नंतर दार उघडून त्याचे टोक हाताने वर उचलून पाहावे. ते खालीवर हलत असेल, तर बिजागरी झिजली आहे. मागच्या दारावर स्टेपनी टांगलेली असल्यास त्या बिजागरीवर कायमचा भार असतो, म्हणून तेथे विशेष लक्ष द्यावे. कडीच्या एकाच बाजूला घासल्याच्या ताज्या खुणा दिसल्या, तर दार खाली उतरले आहे किंवा कडी सरकली आहे असे समजावे. कडी बोल्टने बसविलेली असून ती थोडी सरकविता येते, मात्र मूळ जागेची खूण करूनच हे काम मेकॅनिककडून करून घ्यावे.

पावसाळी सहलीनंतर खटक्यात चिखल वाळून बसतो आणि नखी पूर्ण फिरत नाही. खटका धुऊन, कोरडा करून त्यात थोडे ग्रीस भरावे. रबराला मात्र इंजिन ऑइल किंवा ग्रीस लावू नये, कारण खनिज तेलाने ते फुगते. त्यासाठी सिलिकॉनचा फवारा योग्य. बाजारातून वरून चिकटविलेली जादा रबरपट्टी, जाड मॅट किंवा दारात अडकलेला सीटबेल्ट ही कारणेही तपासावीत. अपघातानंतर दुरुस्त केलेल्या गाडीचे दार लागत नसेल, तर दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या आहेत का, हे पाहणे अगत्याचे आहे.

चालत्या गाडीत तांबडा दिवा लागला, तर दार तेथेच उघडून पुन्हा आपटण्याचा मोह टाळावा. गाडी रस्त्याच्या कडेला थांबवून दार बंद करावे आणि दुसरा ‘खट्’ ऐकू आल्यावरच पुढे निघावे. विशेषतः दाराशेजारी मूल बसले असेल, तर या एका आवाजाची खातरजमा मोठ्यांनीच करावी.