काजव्यांचा कॅमेरा आणि काळविटांचा कॅमेरा

सोनीचा ‘आरएक्स १००’ आणि कॅननचा ‘पॉवरशॉट एसएक्स ७४०’ हे दोन्ही खिशात मावणारे डिजिटल कॅमेरे. पहिला २०१२ सालचा, वजन २४० ग्रॅम. दुसरा २०१८ सालचा, वजन २९९ ग्रॅम. दोन्ही २० मेगापिक्सेलचे, म्हणजे प्रत्येक फोटोत सुमारे दोन कोटी ठिपके. जाहिरातीत डोळ्यांत भरतो तो झूम: सोनीचा ३.६ पट, कॅननचा ४० पट. एवढ्यावरून निवड करायची तर कोणीही कॅननच उचलेल. पण मे महिन्याच्या अखेरीस अकोले तालुक्यात भंडारदऱ्याचे काजवे टिपायला तो नेला, तर हाती बहुतेक काळोखच येतो. उलट सोनी घेऊन कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीच्या माळावर गेले, तर काळवीट गवतातला एक ठिपका होऊन बसते. अहिल्यानगर जिल्ह्याच्या वायव्य टोकाला एक कॅमेरा हरतो, दक्षिण भागात दुसरा. याचे कारण मेगापिक्सेलमध्ये सापडत नाही आणि झूमच्या पटीतही पुरते सापडत नाही.

कारण भिंगाभोवतीच्या कड्यावर छापलेले असते. सोनीच्या कड्यावर १.८–४.९ आणि १०.४–३७.१ असे आकडे आहेत, तर कॅननच्या कड्यावर ४.३–१७२.० मिलिमीटर आणि ३.३–६.९. मिलिमीटरमधले आकडे नाभीय अंतराचे, दुसरे एफ-क्रमांकाचे. नाभीय अंतराला एफ-क्रमांकाने भागले की प्रकाश आत येण्यासाठी भिंगाचे तोंड किती उघडे आहे, त्याचा व्यास मिळतो. रुंद दृश्य टिपताना सोनीचे तोंड १०.४ भागिले १.८, म्हणजे ५.८ मिलिमीटर. कॅननचे ४.३ भागिले ३.३, म्हणजे जेमतेम १.३ मिलिमीटर. झूम पूर्ण लांबवला की चित्र उलटते. सोनी ७.६ मिलिमीटरवर थांबतो आणि कॅनन जवळपास २५ मिलिमीटरपर्यंत जातो. कॅननच्या खोक्यावर छापलेले २४–९६० हे आकडे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या तुलनेतले मानीव आकडे आहेत. ते भागाकारात घेतले तर उत्तर भलतेच येते.

हा भागाकार इतका मोलाचा का, ते हिवरेबाजार किंवा राळेगणसिद्धीच्या शेतकऱ्याला पटकन कळेल. पर्जन्यछायेतल्या गावात तळे कितीही खोल खणले, तरी त्यात पाणी येते ते पाणलोटावर पडलेल्या पावसाचेच. तळ्यात बांध घालून दोन कोटी कप्पे केले म्हणून एक थेंबही वाढत नाही, उलट प्रत्येक कप्प्याच्या वाट्याला कमी येते. भिंगाचे तोंड हे कॅमेऱ्याचे पाणलोट, सेन्सर हे त्याचे तळे आणि पिक्सेल हे त्यातले कप्पे. तेवढेच दृश्य, तेवढ्याच वेळात टिपायचे असेल, तर आत येणारा एकूण प्रकाश फक्त तोंडाच्या क्षेत्रफळावर ठरतो. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याची थोरवी सांगितली जाते ती खरी आहे. पण ती मुख्यतः त्याच्यापुढे मोठ्या तोंडाचे भिंग बसवता येते म्हणून. सोनीचा सेन्सर १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटरचा आहे, कॅननचा सुमारे ६.२ गुणिले ४.६ चा. क्षेत्रफळातला फरक चौपट.

काजव्यांच्या बाबतीत हे गणित फारच सुंदर होते. पहिल्या पावसाच्या आधी आणि त्याच्या आगेमागे भंडारदरा, घाटघर, रतनवाडीच्या परिसरातली हिरडा-बेहड्याची झाडे हजारो काजव्यांनी लुकलुकू लागतात. काजवा हा प्रकाशाचा बिंदू, आणि त्याची एक लुकलुक सेकंदाच्या काही अंशातच संपते. त्यामुळे शटर अर्धा मिनिट उघडे ठेवले तरी एका लुकलुकीचा ठिपका उजळत नाही. वाढते ती लुकलुकींची संख्या, आणि त्यासोबत आकाशाचा मंद उजेड. एका लुकलुकीतून किती प्रकाश हाती येणार, हे पूर्णपणे तोंडाच्या क्षेत्रफळावर अवलंबून राहते. ५.८ आणि १.३ मिलिमीटरच्या वर्गांचे गुणोत्तर जवळपास २० येते. म्हणजे एकाच काजव्याच्या एकाच लुकलुकीतून सोनीला वीसपट प्रकाश मिळतो. शिवाय सोनी शटर ३० सेकंद आणि हवे तर त्याहूनही जास्त वेळ उघडे ठेवतो, कॅनन १५ सेकंदांवर थांबतो. सोनी सेन्सरवरची कच्ची नोंद, म्हणजे रॉ फाईल, जपून ठेवतो; कॅनन थेट दाबून लहान केलेली जेपेग देतो. काजव्यांचे जे फोटो पाहून पर्यटक थक्क होतात ते बहुतेकदा ट्रायपॉडवर एकामागोमाग घेतलेल्या अनेक फोटोंची जोडणी असतात. ही जोडणी रॉ फाईलींवर केली तर काळोखातले रंग टिकतात.

आयएसओ वाढवून ही तूट भरून काढता येईल, असा समज सर्रास आढळतो. आयएसओ वाढवल्याने आत आलेला प्रकाश वाढत नाही, फक्त त्याची नोंद मोठी करून दाखवली जाते. प्रकाश फोटॉनच्या रूपाने सुटासुटा येतो आणि त्याच्या येण्यात उपजतच अनियमितता असते. सरासरी १०० फोटॉन अपेक्षित असतील, तर प्रत्यक्षात कधी ९० येतील, कधी ११०. हा चढउतार फोटॉनसंख्येच्या वर्गमुळाएवढा असतो. वीसपट प्रकाश मिळाला की फोटो साडेचार पटींनी स्वच्छ होतो. अंधारातल्या फोटोत दिसणारा रवाळपणा बऱ्याच अंशी कॅमेऱ्याचा दोष नसून प्रकाशाचाच स्वभाव आहे, आणि कोणत्याही कंपनीच्या प्रयोगशाळेला तो बदलता येणार नाही. काजव्यांवर फ्लॅश किंवा टॉर्च मारणे तर दुहेरी चूक. फोटोत काजव्यांऐवजी झाडाची साल उमटते, आणि जोडीदार शोधण्यासाठी चाललेला त्यांचा संवाद तुटतो.

रेहेकुरीचे अभयारण्य अवघ्या २.१७ चौरस किलोमीटरचे. १९८० साली ते काळविटांसाठी राखले गेले. इथे प्रश्न अंतराचा आहे. खांद्यापाशी ८० सेंटिमीटर उंच असलेले काळवीट १०० मीटरवर उभे असेल, तर सोनीच्या फोटोत त्याची उंची सुमारे १२० पिक्सेल भरते, कॅननच्या फोटोत सुमारे ११५०. फरक साडेनऊ पट. पण फोटो मोठा करून पाहिला, की कॅननच्या काळविटाच्या शिंगांवरची वळी त्या प्रमाणात स्पष्ट झालेली नसतात.

इथे जॉर्ज बिडेल एअरी या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाला आठवावे लागते. भिंग कितीही निर्दोष घासले तरी दूरच्या ताऱ्याची प्रतिमा बिंदू न होता लहानशी चकती होते, भोवती फिकट कडी असतात, आणि भिंगाचे तोंड जितके अरुंद तितकी ती चकती मोठी, हे त्याने १८३५ साली गणिताने मांडले. हे प्रकाशाचे विवर्तन. सेन्सरवर या चकतीचा व्यास साधारण तरंगलांबी गुणिले एफ-क्रमांक गुणिले २.४४ एवढा येतो. हिरव्या प्रकाशासाठी एफ/६.९ वर तो सुमारे ९ मायक्रॉन भरतो. कॅननच्या एका पिक्सेलची रुंदी १.२ मायक्रॉन. म्हणजे पूर्ण झूमवर प्रकाशाचा एक बिंदू सात-आठ पिक्सेलवर पसरतो, आणि २० मेगापिक्सेल हा आकडा तिथे निव्वळ शोभेचा उरतो. सोनीचा पिक्सेल २.४ मायक्रॉनचा आणि एफ/१.८ वर एअरीची चकतीही तेवढीच. हे सारे हिशेबात घेतले की काळविटाच्या बाबतीत कॅननचा खरा फायदा साडेनऊ पटींवरून चार-पाच पटींवर येतो. तरीही तो पुष्कळ आहे, आणि रेहेकुरीसाठी निवड निर्विवाद कॅननचीच.

१८३५ याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात दख्खनच्या हवामानावर एक दीर्घ निबंध प्रसिद्ध झाला. लेखक होता ईस्ट इंडिया कंपनीचा लष्करी अधिकारी विल्यम हेन्री साइक्स. हरिश्चंद्रगडाच्या कड्यावर उभे असताना खालच्या धुक्यात आपली सावली आणि तिच्याभोवती पूर्ण वर्तुळाकार रंगीत कडे दिसल्याची नोंद त्यात आहे. गिर्यारोहक आज ज्याला इंद्रवज्र म्हणतात, ते हेच. धुक्याच्या अतिसूक्ष्म थेंबांवरून मागे वळलेल्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळतात आणि ही कडी घडतात. त्यांचे नेमके गणित सुटायला विसावे शतक उजाडावे लागले. केंब्रिजमध्ये एअरी प्रकाशाच्या लहरींतून उमटणारी कडी कागदावर मांडत होता आणि अकोल्याच्या सह्याद्रीत साइक्सने लहरींतूनच घडलेली कडी डोळ्यांनी पाहून टिपून ठेवली होती, हा योग विलक्षण आहे. साइक्सचे नाव आज पक्षीनिरीक्षकांना त्याच्या नावाच्या चंडोलामुळे माहीत असते. प्रकाशविज्ञानाच्या इतिहासातही त्याला याहून मोठी जागा मिळायला हवी. इंद्रवज्राचा फोटो घ्यायचा तर सूर्य पाठीशी आणि दरीत धुके हवे. कडी फिकट असतात, रंगांच्या छटा नाजूक असतात आणि लांब झूमची गरज नसते. हे काम सोनीचे.

माळावर परतले की आणखी एक अडचण समोर येते, आणि तिच्यावर कोणत्याच भिंगाचा इलाज नाही. नगरच्या उन्हात जमीन तापली की तिच्यालगतची हवा थरथरू लागते. प्रत्येक थराची घनता वेगळी, त्यामुळे प्रकाशकिरण क्षणोक्षणी वाकतात आणि शंभर-दोनशे मीटरवरच्या काळविटाच्या कडा वितळल्यासारख्या दिसतात. झूम जितका लांब, तितका हा दोष मोठा. पहाटे हवा स्थिर असते, पण उजेड कमी असतो. एफ/६.९ च्या भिंगाला तेव्हा आयएसओ ८०० च्या आसपास न्यावा लागतो आणि चित्र रवाळ होते. सूर्य वर आल्यानंतरचा पहिला तास-दीड तास हाच त्यातल्या त्यात मधला मार्ग. जायकवाडीच्या फुगवट्यावर, नेवासे-शेवगावच्या बाजूला पक्षी टिपतानाही हेच वेळापत्रक लागू पडते.

पारनेर तालुक्यात निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे ही वेगळीच परीक्षा आहे. काळाकभिन्न बेसाल्ट, खळग्यांच्या तळाशी सावली, आणि वर पाण्यावर चमकणारे ऊन. उन्हाला धरून प्रकाश मोजला तर दगड काळा गोळा होतो, सावलीला धरून मोजला तर पाणी पांढरे फटफटीत. सोनीच्या मोठ्या पिक्सेलमध्ये जास्त विद्युतभार साठतो, त्यामुळे तो उशिरा भरून वाहतो, आणि रॉ फाईलमधून सावलीतले तपशील नंतर वर काढता येतात. रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिराच्या अंधाऱ्या मंडपातही हाच न्याय.

मात्र पावसाळ्यात कळसूबाईच्या उतारावरचे नखाएवढे फूल किंवा त्यावरचा किडा टिपायचा असेल, तर अरुंद तोंडाचा गुण होतो. कॅनन रुंद बाजूला विषयापासून एक सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकतो, सोनी पाच सेंटिमीटरवर अडतो. आणि १.३ मिलिमीटरच्या तोंडातून आलेल्या किरणांचे शंकू इतके निमुळते असतात, की सोनीच्या तुलनेत फुलाचा जास्त खोलवरचा भाग स्पष्ट येतो. जो आकडा काजव्यांपुढे दुबळा ठरला, तोच इथे कामाला येतो.

रात्री चंद्राकडे वळवलेला कॅनन तर थेट १६१० सालात नेतो. गॅलिलिओने गुरूचे चार चंद्र पाहिले त्या काळातल्या त्याच्या दुर्बिणींची वापरातली तोंडे दीड-अडीच सेंटिमीटरच्या आसपासच होती. पूर्ण झूमवर कॅननचे तोंड तेवढेच. ट्रायपॉडवर ठेवून दोन सेकंदांचा टायमर लावला, की चंद्रावरची विवरे तर येतातच, गुरूशेजारी ओळीने बसलेले ते चार ठिपकेही येतात. शटर मात्र सेकंदापेक्षा बरेच कमी ठेवावे लागते, नाहीतर पृथ्वीच्या फिरण्याने ठिपक्यांच्या रेघा होतात.

राहिला मोबाइल. आजच्या चांगल्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचे तोंड साधारण चार मिलिमीटर असते. म्हणजे रुंद दृश्यात तो कॅननच्या बराच पुढे आणि सोनीच्या थोडाच मागे. शिवाय एका क्षणात अनेक फोटो घेऊन तो त्यांची सरासरी काढतो, त्यामुळे स्थिर दृश्यात ही उणीवही बुजते. काजव्यांची सरासरी काढता येत नाही, कारण पुढच्या फोटोत तोच काजवा विझलेला असतो. फोनच्या शंभर पट झूमच्या जाहिराती मात्र पारखूनच घ्याव्यात. त्याच्या लांब भिंगाचे तोंड पाच-सहा मिलिमीटरच्या पुढे क्वचितच जाते. पुढची वाढ सॉफ्टवेअरने रंगवलेली असते. काळविटाच्या डोळ्यातली जी चमक त्या तोंडातून आत आलीच नाही, ती नंतर अंदाजानेच भरली जाते. त्यामुळे चांगला फोन जवळ असलेल्याने रेहेकुरी, जायकवाडी आणि चंद्रासाठी कॅननसारखा लांब झूमचा कॅमेरा जोडीला घ्यावा. काजवे, मंदिरे आणि हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा हाच ज्याचा ध्यास आहे, त्याने सोनीसारखा घ्यावा. बाजारात वापरलेले कॅमेरे पाहतानाही आधी भिंगाच्या कड्यावरचे आकडे वाचून भागाकार करावा, आणि मेगापिक्सेल किती ते त्यानंतर विचारावे.