वहीतला नंबर

कुंपणालगत आधीच अकरा शिड्या लागल्या आहेत. घरात पंखा पुसायला लागते तसल्या, घडीच्या, तीन-चार पायऱ्यांच्या. प्रत्येक शिडीवर एक माणूस आणि त्याच्या गळ्यात हातभर लेन्सचा कॅमेरा. जाळीतून फोटो काढला तर तारेची धुरकट रेघ उमटते, म्हणून जाळीच्या वर डोकं काढायला ही शिडी. माझ्याकडे शिडी नाही. दुर्बीण आहे, वही आहे आणि थर्मासमध्ये आलं घातलेला चहा आहे.

इंग्लंडच्या पूर्वेकडचा लिंकनशर परगणा, त्यातलं कॉनिंग्सबी गाव. जुलै २०१५ संपत आला आहे. नॉटिंगहॅमहून पहाटे निघून मी इथल्या हवाई तळाच्या पूर्व टोकाशी, रस्त्याकडेच्या गवतात येऊन उभी आहे. हे टायफून विमानांचं घर. गेल्या आठवड्यापासून या घरात भारतीय हवाई दलाची चार सुखोई-३० एमकेआय विमानं मुक्कामाला आहेत. दोन्ही हवाई दलांच्या या संयुक्त सरावाचं नाव ‘इंद्रधनुष’. पहिला २००६ मध्ये ग्वाल्हेरला झाला, दुसरा २००७ मध्ये इथून जवळच, वॉडिंग्टनला, तिसरा २०१० मध्ये कलाईकुंड्याला. वॉडिंग्टनच्या वेळी मी इंग्लंडमध्ये नव्हते. या वेळी आहे, आणि रजा टाकून आले आहे.

मुलूख सपाट आहे. पिकलेला गहू, बटाट्याच्या सऱ्या, आणि त्यातून एकदम वर आलेला टॅटरशॉल किल्ल्याचा लाल विटांचा बुरूज. पंधराव्या शतकातला हा बुरूज १९११ साली लॉर्ड कर्झनने विकत घेतला म्हणून वाचला. आतल्या कोरीव शेकोट्या विकून टाकलेल्या होत्या, त्याही त्याने परत मिळवून जागच्या जागी बसवल्या. बंगालची फाळणी करणारा कर्झन तो हाच. त्याने वाचवलेल्या बुरुजाच्या आसपास आज केशरी, पांढऱ्या आणि हिरव्या वर्तुळांची विमानं घिरट्या घालणार आहेत, आणि मान वळवून मी पुन्हा पुन्हा त्या बुरुजाकडे बघते आहे.

दोन टायफून धावपट्टीच्या या टोकाला येऊन थांबतात. वारा पश्चिमेचा आहे, म्हणजे आमच्याकडे पाठ करून तिकडे उडणार. आफ्टरबर्नर पेटतो. छातीच्या फासळ्यांमध्ये काहीतरी थरथरतं, थर्मासचं झाकण बोनेटवर वाजायला लागतं. मी दोन्ही कानांवर हात ठेवते. शिड्यांवरची निम्मी माणसं मात्र सँडविच खात राहतात. एकानेही कॅमेरा उचललेला नाही.

“घरची आहेत,” माझ्या शेजारच्या शिडीवरचे गृहस्थ सांगतात. “रोजच दिसतात. आम्ही पाहुण्यांसाठी आलोय.”

पाहुणा, हा यांचा रोजचा शब्द. दुसऱ्या तळावरून, दुसऱ्या देशातून आलेलं, चार दिवस राहून जाणारं विमान म्हणजे पाहुणा. हे गृहस्थ साठीच्या पुढचे, टपालखात्यातून निवृत्त झालेले. १९६३ साली, दहा वर्षांचे असताना, वडिलांच्या सायकलच्या दांडीवर बसून ते पहिल्यांदा या कुंपणापाशी आले. तेव्हा इथे व्हल्कन बाँबर होते. त्या दिवशी शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर त्यांनी पहिला नंबर लिहिला, आणि तेव्हापासून लिहीत आहेत. पिशवीतून ते एक जाड छापील पुस्तक काढून दाखवतात. बारीक टाइपात नुसते नंबर, ओळींमागून ओळी. जे विमान स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, त्याच्या नंबराखाली पट्टी धरून लाल शाईची रेघ. काही पानं जवळजवळ सगळी लाल, काही कोरी.

“टायफून पाहिलं, सुखोई पाहिलं, यात काही नाही,” ते म्हणतात. “कुठलं पाहिलं?”

हे ऐकून मी चहाचा पेला खाली ठेवते. हा प्रश्न मी ओळखते.

माझे बाबा ओझरच्या मिग कारखान्यात फिटर होते. कारखाना एचएएलचा, १९६४ साली उभा राहिलेला. सगळ्या तालुक्यात त्याचं नाव ‘मिग’, आणि गावाचंही ‘ओझर मिग’. तिथे मिग-२१ झाली, मग मिग-२७ झाली. बाबा निवृत्त व्हायच्या आधी सुखोई आली. सुरुवातीला रशियातून आलेल्या भागांची जुळणी, पुढे पुढे जास्तीत जास्त काम तिथलंच. ओझरमध्ये तयार झालेली पहिली सुखोई २००४ च्या नोव्हेंबरात हवाई दलाला मिळाली. त्या रात्री बाबा दुसऱ्या पाळीवरून उशिरा आले आणि हातपाय न धुताच झोपाळ्यावर बसून राहिले. आई ताट वाढून वाट बघत होती.

बाबा घरात कामाविषयी फारसं बोलत नसत, तसं बोलायचंच नाही अशी शिस्त होती. पण एखाद्या संध्याकाळी, निफाडकडच्या द्राक्षबागांवरून आवाज गेला की ते मान वर करत आणि एवढंच म्हणत, “आमचं सतरावं उडालं.” ते कधी नुसतं मिग म्हणत नसत, आपल्या मोजणीतला त्याचा आकडा सांगत. त्यांच्या लेखी प्रत्येक विमान वेगळं होतं. एकाच्या पंखाच्या सांध्यापाशी पाच दिवस गेलेले, दुसऱ्याचं दार पहिल्याच दिवशी चपखल बसलेलं. महिनोन्महिने हाताखाली असलेलं ते विमान एका सकाळी चाचणीचा वैमानिक घेऊन जाई, मग हवाई दल घेऊन जाई, आणि त्यानंतर त्याचं काय झालं हे बाबांना कधीच कळत नसे. ते कुठल्या तळावर आहे, अजून उडतं का, कोण उडवतं, काही नाही. कळायचं ते फक्त पेपरात अपघाताची बातमी आली तरच. अशा दिवशी बाबा पेपर घडी करून बाजूला ठेवत आणि आईला म्हणत, “आज डबा नको.”

कारखान्याच्या भिंतीवर पाटी होती, फोटो काढण्यास सक्त मनाई. लहानपणी त्या रस्त्याने जाताना सहलीचा कॅमेराही बाबा पिशवीत तळाशी ठेवायला लावत. त्यात मला आजही गैर वाटत नाही. ज्या देशाने सीमेवर युद्धं पाहिली, त्याने आपल्या भिंतीवर काय लिहायचं ते त्याचं त्याने ठरवावं. इथे सार्वजनिक रस्त्यावरून बघायला, टिपायला कोणी हरकत घेत नाही. पण या मंडळींच्या वाट्यालाही संशय आलेला आहे. नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रीसमधल्या कालामाता तळावर बारा ब्रिटिश आणि दोन डच लोकांना हेर म्हणून पकडलं, पुढच्या एप्रिलमध्ये शिक्षाही सुनावल्या. वहीत विमानांचे नंबर कशाला लिहायचे, हे कोर्टाला पटेना. अपिलात त्याच वर्षाच्या अखेरीला सगळे सुटले. पुढे काही वर्षांनी अमेरिकेची गुप्तचर संस्था संशयितांना विमानांतून गुपचूप देशोदेशी हलवत होती, त्याचा माग लावताना पत्रकारांना अशाच छंदी माणसांच्या नोंदींचा उपयोग झाला. कोणी मागितलेली नसताना, खाडाखोड न करता, तारीखवार ठेवलेली नोंद. तिची किंमत मला कळते. बाबांच्या हातून गेलेल्या विमानांची अशी वही ओझरच्या एकाही घरात नाही.

“आले!”

सगळे सँडविचचे डबे एकदम बंद होतात. तळाच्या पलीकडच्या अंगाने करड्या निळसर रंगाची तीन विमानं धावपट्टीच्या समांतर वाटेवरून आमच्याकडे सरकत येतात. लांब मान, पुढे झुकलेलं नाक, दोन उभ्या शेपट्या. टायफून सोळा मीटर लांब. सुखोई जवळपास बावीस. शेजारी उभी राहिली की टायफून तिचं धाकटं भावंड वाटतं. इथले लोक तिला नाटोने दिलेल्या ‘फ्लँकर’ या नावाने ओळखतात. पण अकराव्या शिडीवरचा एक तरुण आज सारखा ‘सुखोई’ म्हणायचा प्रयत्न करतो आहे, ‘ख’ काही त्याला जमत नाही, आणि प्रत्येक वेळी तो माझ्याकडे बघतो. मी तो शब्द सावकाश म्हणून दाखवते.

पहिलं विमान वळतं. चौथ्या शिडीवरून कोणीतरी मोठ्याने वाचतं, “एसबी…” आणि पुढचे तीन आकडे. अकराही जण एकदम खाली मान घालून लिहितात. मीही लिहिते. पेन दोनदा घसरतं.

आवाज टायफूनचा चिरत जातो, हिचा खालून येतो, जमिनीतून. दोन इंजिनांच्या मागे लालसर पिवळ्या ज्वाळा, पुढचं चाक उचललेलं, आणि मग ते सगळं लांबट शरीर पश्चिमेच्या ढगांत तिरकं चढत जातं. दुसरं, तिसरं. तिसऱ्यातला मागच्या आसनावरचा माणूस वळण घेताना आमच्या बाजूला हात हलवतो. शिड्यांवरून अकरा हात वर होतात. माझ्या डोळ्यांपुढे दुर्बिणीची काच धुरकट होते आणि ती पुसायला मला जरा वेळ लागतो.

मग तासभर काही नाही. हा छंद मुख्यतः वाट बघण्याचा आहे. गावातल्या सेंट मायकेल चर्चच्या घड्याळाला एकच काटा आहे. पाच मीटरहून रुंद तबकडीवर तो एकटाच फिरतो आणि वेळ साधारण सांगतो. येताना मी ते बघून आले. मधेच तळावरून एक स्पिटफायर उडतं. दुसऱ्या महायुद्धातली विमानं उडती ठेवणारं पथक इथेच असतं. त्याला बघायला मात्र सगळे वळतात, घरचं असलं तरी. टपालवाले काका माझा आल्याचा चहा घेऊन बघतात, थोडा वेळ गप्प राहतात आणि पेला पुढे करतात.

परत येताना ती पूर्वेकडून, आमच्या डोक्यावरून येतात. मध्ये सुखोई, दोन्ही बाजूंना टायफून. धावपट्टीवरून जाता जाता एकेक विमान आडवं होऊन रांगेतून बाजूला निघतं, शेतांवरून लांब वळसा घेतं आणि चाकं सोडून पुन्हा आमच्यावर येतं. इतक्या खालून, की पोटावरच्या झाकणांचे सांधे दिसतात, स्क्रूंच्या ओळी दिसतात, चाकाच्या घरातली पांढरी नळी दिसते. बाबांचं सगळं आयुष्य अशा सांध्यांपाशी गेलं. मी दुर्बीण खाली घेते आणि नुसत्या डोळ्यांनी बघते. चाकं टेकतात, निळा धूर उठतो, दोन शेपट्यांच्या मधल्या दांडीतून ब्रेकचं पॅराशूट फडकन उघडतं. तिन्हींचे नंबर पुन्हा ताडून घेतले जातात. टपालवाले काका कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र मोठं करून मला दाखवतात. बरोबर आहेत.

चौथं आज उडालंच नाही.

मी गाडीच्या आडोशाला जाऊन फोन लावते. इथे बारा वाजायचे आहेत, म्हणजे ओझरला चार वाजून गेलेत, चहा झाला असणार.

“बाबा, नंबर घ्या.”

“कसले?”

मी एकेक वाचते. पलीकडून काही उत्तर नाही, फक्त पंख्याचा आवाज येतो आहे. दुसऱ्या नंबरापाशी ते मला थांबवतात. “परत सांग.” मी परत सांगते. “सावकाश.” आकड्यांमध्ये थांबत मी तिसऱ्यांदा सांगते. बाबा काही बोलत नाहीत. मग आईला हाक मारून कॅलेंडर मागतात; पेन्सिल शोधल्याचा, खुर्ची सरकल्याचा आवाज येतो.

“पॅराशूट उघडलं का त्याचं?”

“उघडलं.”

“लगेच?”

“चाकं टेकली आणि लगेच.”

“अंगावर रंग कसा आहे? कडेला उडालाय कुठे?”

“नाही बाबा. स्वच्छ आहे. इथल्या लोकांनी सगळ्यांनी लिहून घेतलाय तो नंबर. अकरा वह्यांत आहे आता.”

“लोकांनी?” ते विचारतात. “कुठल्या लोकांनी?”

मी शिड्यांकडे बघत त्यांना सांगते. एक टपालखात्यातला, एक कॉलेजातला मुलगा, दोघे भाऊ, एक जण नेदरलँड्सहून बोटीने गाडी घेऊन आलेला. बाबा प्रत्येकाचं ऐकून घेतात. कोण काय करतो, किती वर्षं येतो, सगळं विचारतात. मग म्हणतात, “तू तीनच सांगितलेस.”

“आज तीनच उडाली.”

“म्हणजे चौथ्याचा राहिला.”

“राहिला.”

पंखा फिरत राहतो. “रजा किती दिवसांची आहे गं तुझी?” बाबा विचारतात.

मी फोन तसाच कानाला धरून कुंपणापाशी परत येते आणि टपालवाल्या काकांना विचारते, उद्या सकाळी किती वाजल्यापासून थांबणार आहात. ते शिडीवरून उतरतात, ती घडी करून माझ्याकडे देतात आणि सांगतात की ही गाडीत ठेवा, घरी दुसरी आहे.