सेनापतीचें राजप्रतिनिधिपद : लॉर्ड वेव्हेल

तलवार चालविणाऱ्यास राज्यकारभार साधतो कीं नाहीं, हा प्रश्न आपल्याकडे जुनाच आहे. महाभारतकारांनीं युधिष्ठिरास राजधर्माचा उपदेश करविला तो शरशय्येवर पडलेल्या भीष्मांकडून, म्हणजे एका सेनापतीकडून. आमच्या इतिहासांत महादजी शिंद्यांनीं पानपतावर अधू झालेल्या पायानिशीं १७८४ सालीं दिल्लीच्या पातशाहीची मुखत्यारी हातीं घेतली. इंग्रजी अमलाच्या आरंभीं कॉर्नवॉलिससारखा सेनानी गव्हर्नर जनरल झाला. या मालिकेंत खुष्कीच्या फौजेंतून आलेला शेवटचा पुरुष म्हणजे लॉर्ड वेव्हेल. १९४३ पासून १९४७ पर्यंत सुमारें साडेतीन वर्षें ते हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांच्यामागून आलेल्या माउंटबॅटनसाहेबांचें नांव घरोघर ठाऊक आहे. वेव्हेलसाहेबांस मात्र लोक बहुतेक विसरले. त्यांच्या चरित्रांत विचार करण्याजोगें पुष्कळ आहे, म्हणून तें थोडक्यांत वाचकांपुढें ठेवितों.

आर्चिबॉल्ड वेव्हेल यांचा जन्म ५ मे १८८३ रोजीं इंग्लंडांत कोल्चेस्टर येथें झाला. वडील लष्करी अधिकारी. मुलानेंहि तीच वाट धरावी हें घरांत ठरल्यासारखेंच होतें. विंचेस्टरच्या विद्यालयांत मुलगा हुशार निघाला. याच्या अंगीं इतर व्यवसायांतहि पुढें येण्याजोगी बुद्धि आहे, त्यास लष्करांतच धाडण्याचें कारण नाहीं, अशा अर्थाचें मुख्याध्यापकांनीं वडिलांस लिहिल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. अशीं पत्रें आम्हींहि मास्तरकींत लिहिलीं आहेत, आणि त्यांचा परिणाम बहुधा असाच झाला आहे. १९०१ सालीं वेव्हेल ब्लॅक वॉच पलटणींत दाखल झाले.

दक्षिण आफ्रिकेंतील बोअर युद्ध, १९०३ नंतर हिंदुस्थानांतील नोकरी, १९०८ ची वायव्य सरहद्दीवरील मोहीम, १९११ सालीं रशियांत राहून केलेला रशियन भाषेचा अभ्यास, असा त्यांचा क्रम होता. पहिल्या महायुद्धांत १९१५ सालीं ईप्रच्या रणांगणावर त्यांचा डावा डोळा गेला. उरलेल्या एका डोळ्यानें त्यांनीं पुढें पस्तीस वर्षें नकाशे, सरकारी कागद आणि कविता वाचल्या. १९१७ सालीं पॅलेस्टाइनच्या मोहिमेंत जनरल ॲलेनबी यांच्याशीं त्यांचा संबंध आला. हा संबंध वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें प्रयोजन आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभीं वेव्हेल मध्यपूर्वेचे सरसेनापति होते. डिसेंबर १९४० ते फेब्रुवारी १९४१ या अवधींत त्यांच्या सुमारें ३६,००० सैन्यानें इटलीचे १,३०,००० च्या वर सैनिक कैद केले. या मोहिमेच्या पहिल्या झुंजींत आपली चौथी हिंदी डिव्हिजनहि होती. परंतु लगेच ग्रीसच्या मदतीस फौज धाडावी लागली, ग्रीस व क्रीट दोन्हीं हातचीं गेलीं, आणि जून १९४१ मध्यें रोमेलवरील हल्लाहि फसला. पंतप्रधान चर्चिल यांचें मन त्यांच्याविषयीं आधींच कलुषित झालें होतें. त्यांनीं वेव्हेल यांस हिंदुस्थानच्या सरसेनापतिपदावर पाठविलें. तेथें जपानची लाट अंगावर आली. सिंगापूर पडलें, ब्रह्मदेश गेला. पुढें जानेवारी १९४३ मध्यें ते फील्ड मार्शल झाले, आणि २० ऑक्टोबर १९४३ रोजीं लॉर्ड लिनलिथगो यांच्या जागीं व्हाइसरॉय म्हणून त्यांनीं शपथ घेतली.

युद्ध संपेपर्यंत हिंदी राजकारणाचें गाडें जागच्या जागीं धरून ठेवणारा एक शिपाईगडी नेमला, असाच त्या वेळीं सर्वांचा समज झाला. वेव्हेल मितभाषी, समोरचा घटकाभर बोलला तरी एका शब्दांत उत्तर देणारे. तेव्हां तो समज दृढ होण्यास अडचण पडली नाहीं. परंतु अधिकार हातीं आल्यावर आठवड्याच्या आंत हा मनुष्य कलकत्त्यास गेला. बंगालमध्यें माणसें अन्नावांचून रस्त्यांत मरत होतीं, आणि आधींचे व्हाइसरॉय तिकडे फिरकलेहि नव्हते. वेव्हेल यांनीं धान्य वाहून नेण्यास व वांटण्यास फौज लावली, आणि परदेशांतून धान्य पाठवा म्हणून लंडनकडे वारंवार तगादा लावला. तिकडून मिळालें तें मागणीच्या मानानें फारच थोडें. सरकारी चौकशी समितीनें मृतांचा आंकडा सुमारें १५ लाख धरला. पुढील अभ्यासकांनीं तो ३० लाखांच्या घरांत नेला.

येथें एक कटु गोष्टहि सांगितली पाहिजे. १९४२ सालीं जपान्यांच्या हातीं पडूं नयेत म्हणून बंगालच्या किनारपट्टींतील होड्या आणि तांदूळ काढून घेण्यांत आला, तो लष्करी निकडीमुळें. आणि त्या सुमारास सरसेनापति वेव्हेलच होते. सेनापतीस शत्रूच्या वाटेंतील होडी दिसते. त्या होडीवर पोट भरणारा कोळी राज्यकर्त्यास दिसावा लागतो. तो वेव्हेल यांस अधिकार बदलल्यावर दिसला.

आपल्या पुण्याशींहि त्यांच्या कारकीर्दीचा संबंध आहे. आगाखान राजवाड्यांत २२ फेब्रुवारी १९४४ रोजीं कस्तुरबांनीं देह ठेवला. गांधीजींची प्रकृति ढासळल्यावर ६ मे रोजीं त्यांस सोडण्यांत आलें. पुढें जुलैंत, गांधी अजून मेले कसे नाहींत, अशी चर्चिल यांनीं तारेनें पृच्छा केल्याची नोंद वेव्हेल यांच्या रोजनिशींत आहे. स्वतः वेव्हेल यांसहि गांधीजींविषयीं प्रेम नव्हतें. रोजनिशींत त्यांच्याविषयीं कठोर शब्द पुष्कळ आहेत, आणि त्यांत न्याय थोडा आहे. तरीहि हिंदी पुढाऱ्यांशीं बोलणीं केल्यावांचून गत्यंतर नाहीं, असें त्यांनीं ऑक्टोबर १९४४ मध्यें चर्चिल यांस स्पष्ट लिहिलें. १९४५ च्या वसंतांत ते लंडनला जाऊन सुमारें दहा आठवडे खेटे घालीत बसले, तेव्हां सिमल्याच्या परिषदेस परवानगी मिळाली. कार्यकारी मंडळांतील सर्व मुसलमान सभासद लीगचेच असावे या बॅ. जिनांच्या हट्टापायीं ती परिषद १४ जुलै रोजीं मोडली. वेव्हेल यांनीं अपयशाची जबाबदारी जाहीरपणें स्वतःच्या शिरावर घेतली.

पुढें मुंबईंत १८ फेब्रुवारी १९४६ रोजीं ‘तलवार’वरील खलाशांनीं बंड केलें आणि ऑगस्टांत कलकत्त्यास भीषण कत्तल झाली. आतां राज्य टिकत नाहीं, हें या सेनापतीनें ओळखलें. त्यानें माघारीची योजना आंखली: प्रथम मद्रास, मुंबई, मध्यप्रांत व ओरिसा येथून इंग्रजी सत्ता काढून घ्यावयाची, मग क्रमाक्रमानें उत्तरेंतून, आणि ३१ मार्च १९४८ पर्यंत सर्व उरकावयाचें. सुव्यवस्थित माघार ही युद्धशास्त्रांतील अवघड विद्या होय. परंतु ॲटली यांच्या मंत्रिमंडळास ही योजना पराभवासारखी दिसली.

आतां ॲलेनबींकडे वळूं. हेहि सेनापति, पुढें ते ईजिप्तमध्यें हायकमिशनर झाले आणि १९२२ सालीं राजीनाम्याची धमकी देऊन त्यांनीं लंडनकडून ईजिप्तच्या स्वातंत्र्याची घोषणा करवून घेतली. त्यांचें चरित्र लिहिलें तें वेव्हेल यांनींच, आणि ईजिप्तमधील कारकीर्दीचा भाग युद्धकाळांतच प्रसिद्ध झाला. गुरूनें केलें तें शिष्यास साधलें नाहीं. ॲलेनबी विजयी वीर म्हणून लंडनांत उतरले होते. वेव्हेल यांच्या मागें ग्रीस आणि सिंगापूर यांची छाया होती. शिवाय ईजिप्तमध्यें एका पक्षाशीं गांठ होती, येथें तीन पक्षांशीं. आणि लोकांस बोलून वश करण्याची कला वेव्हेल यांजपाशीं मुळींच नव्हती.

फेब्रुवारी १९४७ च्या आरंभीं त्यांस पदावरून दूर केल्याचें पत्र आलें. निघण्यास अवधि जेमतेम महिन्याचा. २३ मार्च रोजीं ते परत गेले. पुढें पांच महिन्यांच्या आंत सत्तांतर झालें आणि पंजाबांत जें घडलें त्याच्या आठवणी निर्वासित कुटुंबांतून अजून निघतात. वेव्हेल यांच्या मार्गानें रक्त कमी सांडलें असतें, असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांच्याहि योजनेंत उत्तरेचें काय होणार याचें पुरें उत्तर नव्हतें. परंतु माघारीस वेळ आणि शिस्त लागते, हें त्यांनीं वेळेवर सांगितलें होतें.

२४ मे १९५० रोजीं त्यांचें निधन झालें, आणि विंचेस्टरच्या त्यांच्या जुन्या विद्यालयाच्या आवारांतच त्यांस पुरण्यांत आलें. पाठ असलेल्या कवितांचा त्यांचा संग्रह १९४४ सालीं निघाला होता. व्हाइसरॉयच्या कामाच्या रगाड्यांतहि ज्याचें पाठांतर सुटलें नाहीं, तो मनुष्य आमच्यासारख्या जुन्या शाळामास्तरास परका वाटत नाहीं. त्यांनीं ज्या राज्याची चाकरी केली तें जाणें आम्हांस इष्टच होतें. तरी चाकरींत असतां धन्यास न रुचणारें खरें त्याच्या तोंडावर सांगणारा, आणि त्यापायीं पद गेलें तरी आरडाओरड न करणारा मनुष्य कोणत्याहि पक्षांत विरळाच. घरांतील तरुण मुलांस माउंटबॅटन यांच्या गोष्टी सांगतांना, त्यांच्या आधींच्या या एकाक्ष, अबोल सेनापतीचीहि गोष्ट सांगावी.