रेकॉर्डचं भोक अर्धा मिलिमीटर सरकलं, तर पेटी बेसूर का वाटते?

पुणे-सोलापूर रस्त्यावर भांडगाव सोडलं, की थोड्या वेळात चौफुला येतो. लावणीच्या कलाकेंद्रांसाठी ओळखलं जाणारं हे ठिकाण. तिथं बैठकीत पेटीचा सूर धरला, की तो जागचा हलत नाही. पण लावणीच्या जुन्या रेकॉर्डवर तोच सूर कधीकधी झोक्यावर बसल्यासारखा वर-खाली होतो. अशा वेळी दोष वादकाचा नसतो. बऱ्याचदा तबकडीचं भोकच मध्यावर नसतं.

नेमकं होतं काय?

एलपी मिनिटाला ३३.३ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. भोक सरकलेलं असेल, तर प्रत्येक फेऱ्यात सुईखालची खाच एकदा जोरात आणि एकदा हळू पळते. वेग वाढला की सूर चढतो, कमी झाला की उतरतो.

भोक अर्धा मिलिमीटर चुकलं, तर बाहेरच्या कडेला वेगात सुमारे ०.३ टक्के फरक पडतो. लेबलजवळच्या शेवटच्या गाण्यात तोच फरक ०.८ टक्क्यांपर्यंत जातो. सा आणि कोमल रे यांच्यात साधारण ६ टक्क्यांचं अंतर असतं. म्हणजे दोन्ही बाजूंचा मिळून हेलकावा या अंतराच्या पावपटीहून जास्त! ढोलकीत तो लपतो, पेटीच्या लांब सुरात मात्र लगेच कळतो.

चूक होते कुठे?

रेकॉर्डच्या दोन बाजू दोन वेगळ्या साच्यांनी दाबल्या जातात. एक साचा मध्यावरून सरकला, तर एकच बाजू बिघडते. म्हणून आधी दोन्ही बाजू वाजवून बघा.

ओळखायचं कसं?

गाणं चालू असताना सुईचा दांडा बघा. तो डावी-उजवीकडे डुलत असेल, तर भोक चुकलंय. वर-खाली होत असेल, तर तबकडी वाकलीय. ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डवर गाणं संपल्यानंतरची खाच बघून मात्र ठरवू नका. आपोआप थांबणाऱ्या मशीनसाठी ती अनेकदा मुद्दामच तिरकी ठेवलेली असायची.

मग करायचं काय?

भोक घट्ट असेल, तर तबकडी दाबून बसवू नका. भोकातले लेबलच्या कागदाचे तुकडे काढा. तरीही बसली नाही, तर बारीक पॉलिश पेपरची सुरळी हलक्या हातानं फिरवा आणि दर दोन-तीन फेऱ्यांनी बसवून बघा. भुसा खाचांत जाऊ देऊ नका.

भोक सैल असेल, तर काम सोपं आहे. दांडा सगळ्यात बाहेर गेला, की टर्नटेबल थांबवा आणि सुई उचला. सुईच्या बाजूनं तबकडी मधल्या खुंटीकडे किंचित सरकवा. एकूण जेवढा डुलत होता, त्याच्या निम्मं पुरतं. डुलणं थांबेपर्यंत हेच करा.

हे मात्र टाळा

लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डला पॉलिश पेपर लावू नका, ती तडकते. दुर्मिळ रेकॉर्डचं भोकही मोठं करू नका. ती आधी डिजिटल करून घ्या. सुराचा हेलकावा सॉफ्टवेअरनं बराच कमी करता येतो, मोठं केलेलं भोक मात्र पुन्हा लहान होत नाही.