शुगर नॉर्मल, मग डोळ्यांचा पडदा कशाला तपासायचा?

‘शुगर ताब्यात आहे, त्यामुळे डोळ्यांची काळजी नाही,’ हा मधुमेहींमधला मला सर्वांत घातक वाटणारा समज. उपाशीपोटीची साखर त्या सकाळपुरतं सांगते. एचबीएवनसी, म्हणजे तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजणारी चाचणी, दोन-तीन महिन्यांचं सांगते, कारण तांबड्या पेशीचं आयुष्यच सुमारे १२० दिवसांचं. पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्यांनी मात्र कित्येक वर्षांची साखर सोसलेली असते. त्यांच्या भिंतींना आधार देणाऱ्या पेशी मरतात, भिंतींना फुगे येतात, त्यांतून पाणी आणि चरबी झिरपते. पुढे रक्तपुरवठा तुटलेल्या भागात नव्या वाहिन्या फुटतात. त्या इतक्या नाजूक की डोळ्यात रक्त उतरतं. तोवर नजर अगदी स्वच्छ असू शकते. म्हणून ‘मला नीट दिसतं’ हाही पुरावा नव्हे.

मग साखर सांभाळून उपयोग काय? खूप आहे. अमेरिका-कॅनडातल्या १,४४१ टाइप-१ रुग्णांचा डीसीसीटी अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. पडदा निरोगी असलेल्यांमध्ये काटेकोर उपचारांनी विकार सुरू होण्याचा धोका नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटापेक्षा ७६ टक्क्यांनी घटला. पुढे दोन्ही गटांची साखर जवळपास सारखी झाली, तरी आधीच्या काटेकोरपणाचा फायदा अनेक वर्षं टिकला. मात्र फार वाढलेली साखर झपाट्याने उतरवली, तर आधीच बिघडलेला पडदा काही काळ आणखी बिघडू शकतो. त्यासाठी औषध थांबवू नये. उपचार वाढवण्याआधी पडदा दाखवून घ्यावा.

दोष एकट्या साखरेचाही नसतो. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस अभ्यासात (१९९८) रक्तदाब काटेकोर ठेवल्यावर पडद्याचं नुकसान स्पष्टपणे कमी झालं. लघवीतून प्रथिनं जात असतील, तर मूत्रपिंडातल्या बारीक वाहिन्याही बिघडल्याची ती खूण असू शकते, म्हणून डोळ्यांकडेही लगेच पाहायला हवं.

एचबीएवनसीचा आकडाही फसवतो. लोहाच्या कमतरतेत तो खोटा वाढू शकतो. गडचिरोली-नंदुरबारकडे आढळणाऱ्या सिकलसेल आजारात तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे तो खोटा कमी येतो. शिवाय सिकलसेल स्वतःच पडद्याला इजा करतो.

टाइप-२ मधुमेहाचं निदान होताच, टाइप-१ मध्ये पाच वर्षांच्या आत आणि नंतर साधारण दरवर्षी पडदा तपासावा. गरोदरपणात सुरुवातीलाच. चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे ही तपासणी झाली असं नव्हे. पडद्याच्या तपासणीसाठी बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसतं. तेव्हा गाडी चालवू नये, सोबत कुणाला तरी न्यावं.