रुळाविना सरकणारं फाटक

कारखान्याच्या 6 मीटर रुंद वाटेला नेहमीचं सरकतं फाटक बसवायचं तर जमिनीत रूळ टाकावा लागतो. पावसाळ्यात त्यात चिखल भरतो, खडी अडकते आणि भरलेल्या ट्रकखाली तो दबत जातो. कॅन्टिलिव्हर फाटकाला वाटेत रूळच नसतो. ते जमिनीपासून थोडं वर, अधांतरी सरकतं.

हे जमतं शेपटीमुळे. 6 मीटरच्या वाटेसाठी फाटक सुमारे 9 मीटरचं करतात. जादा 3 मीटर म्हणजे शेपटी, ती कुंपणाआड राहते. तळाशी पोकळ पोलादी तुळई असते आणि तिला खालून लांबभर खाच. वाटेच्या एका बाजूला काँक्रीटच्या पायावर दोन रोलर-गाड्या बोल्टांनी आवळलेल्या असतात. त्यांची चाकं खाचेतून तुळईच्या पोटात बसतात. म्हणजे चाकं जागेवरच फिरतात, सरकतो तो रूळ.

आता वजनाचा हिशोब. फाटक 450 किलोचं आणि वजन सगळीकडे सारखं पसरलेलं धरू. पुढची गाडी वाटेच्या कडेला, मागची तिच्यापासून अडीच मीटरवर. फाटक बंद होत आलं की त्याचा गुरुत्वमध्य पुढच्या गाडीच्याही दीड मीटर पुढे जातो. तोंड खाली झुकू पाहतं, शेपटी वर उठू पाहते. तुळईच्या खालच्या कडा मागच्या चाकांना खालून अडतात, आणि ती गाडी 270 किलोंच्या जोराने शेपटी दाबून धरते. पुढच्या गाडीवर मात्र 450 अधिक 270, म्हणजे 720 किलोंचा भार येतो. म्हणून पाया पुढे खचता कामा नये आणि मागे उखडता कामा नये.

जागा वाचवायला शेपटी 2 मीटरची केली आणि गाड्यांमधलं अंतर दीड मीटरवर आलं, तर फाटक 400 किलोंचं होतं खरं, पण मागचा ओढा 530 किलोंच्या पुढे जातो.

बंद होताना तोंडाकडचं छोटं चाक समोरच्या खांबावरच्या खोबणीत चढतं आणि टोकाला आधार मिळतो. सगळ्यात जास्त ताण असतो तो त्याच्या अगदी आधीच्या क्षणी. वरचे मार्गदर्शक रोलर वजन उचलत नाहीत. वाऱ्याने फाटक कलू नये एवढंच त्यांचं काम. दोन्ही टोकांना भक्कम स्टॉपर हवेत, नाहीतर फाटक गाड्यांवरून निसटून आडवं होईल.

तेव्हा फॅब्रिकेटरला दर विचारण्याआधी टेप घ्या. वाटेच्या एका बाजूला कुंपणालगत 9 मीटर सरळ, मोकळी जागा नसेल, तर दुसऱ्या प्रकारचं फाटक बघावं.