पिनहोल कॅमेरा: आधी डबा की आधी फिल्म?

मानोऱ्याच्या एका श्रोत्याचा मेसेज आलाय. ‘दादा, पिनहोल फोटो काढायचेत. दोन हजार साठवलेत. कॅमेरा कोणता घेऊ, फिल्म कोणती?’

भाऊ, कॅमेरा घेऊच नको. आणि फिल्म निवडायच्या आधी एक ठरव: ती धुणार कोण?

पिनहोल म्हणजे काय, तर अंधारा डबा, लेन्सच्या जागी सुईचं भोक आणि आत प्रकाशाला संवेदनशील असं काहीतरी. डबा बिस्किटांचाही चालतो, फक्त आतून काळा हवा. म्हणजे निवड खरी आतल्या वस्तूची आहे. तीन पर्याय सांगतो.

पहिला, ३५ मिलिमीटरचा रंगीत रोल. काडेपेटीचा कॅमेरा याच्यावरच चालतो. पण उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचे ‘इंदू’ रोल कधीच बंद झाले. आता सगळे बाहेरून येतात, म्हणून महाग. माझे रोल मी धुवायला कुरिअरने पुण्याला पाठवतो. रोल, धुलाई आणि कुरिअर मिळून तुझ्या दोन हजारांचा मोठा भाग एकाच प्रयोगात जाईल, आणि काय चुकलं ते कळायला आठवडा. शिवाय २०० आयएसओचा रोल काडेपेटीत भर उन्हात पाव सेकंदही मागत नाही. चिकटपट्टी हाताने एवढ्या लवकर उघडझाप होते का? म्हणून तो सावलीत वापरायचा.

दुसरा, एक्स-रे फिल्म. कागदापेक्षा बरीच वेगवान, आणि लाल दिव्यात हाताळता येते. पण बहुतेक फिल्मला दोन्ही बाजूंनी थर असतो, नखाचाही ओरखडा पडतो. ही दुसऱ्या महिन्यासाठी ठेव.

तिसरा, कृष्णधवल फोटो पेपर. माझं मत यालाच. प्लॅस्टिकचा थर असलेला, आरसी म्हणतात तो घे. तो लवकर धुतला जातो, सपाट राहतो. रात्री बाथरूममध्ये लाल दिवा लावायचा आणि तीन ट्रे मांडायचे: डेव्हलपर, पाणी, हायपो. हे ट्रे परत स्वयंपाकघरात न्यायचे नाहीत, हातमोजे घालायचे. पाच-सात मिनिटांत निगेटिव्ह हातात. मोबाईलने फोटो काढून रंग उलटे केले की चित्र तयार. चुकलं तर त्याच रात्री कळतं, आणि नुकसान एका तुकड्याचं.

आता थोडं गणित. डबा १० सेंटीमीटर खोल असेल तर भोक साधारण ०.४५ मिलिमीटर हवं. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा घे, सुईचं फक्त टोक टोच, मागची कड पॉलिश पेपरने घास. भोक पट्टीशेजारी ठेवून मोबाईलने झूम करून मोज. १०० भागिले ०.४५, म्हणजे जवळपास एफ २२०. एफ १६ च्या मानाने उजेड साधारण १९० पट कमी. कागदाचा वेग आयएसओ ६ धरला तर कडक उन्हात अर्धा मिनिट. ढग असतील तर दोन-चार मिनिटं. आधी अर्धा मिनिट, मग एक, मग दोन, असे तीन तुकडे काढ आणि वहीत लिहून ठेव.

आता आपल्या वाशिमच्या उन्हाची गोष्ट. डेव्हलपरला २० अंशांच्या आसपास पाणी लागतं. एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी काहून वापरता? माठातलं घ्या. दुसरं, हा कागद निळ्या प्रकाशाला जास्त ओढला जातो, म्हणून आकाश पांढरंफटक येतं. सकाळचं तिरपं ऊन घ्या, आकाश कमी ठेवा. पद्मतीर्थाच्या काठावर डबा विटेने दाबून ठेवला तर पाणी मऊ दिसतं आणि चालती माणसं गायब होतात.

केमिकल नकोच असेल तर? त्याच कागदाचा तुकडा कॅनमध्ये घालून गच्चीच्या कठड्याला दक्षिणेकडे तोंड करून बांध. डिसेंबरच्या अखेरीस बांधलेला कॅन जूनमध्ये, पावसाआधी काढ. सूर्याचे रोजचे मार्ग कागदावर उमटतात. तो धुवायचा नाही, अंधारातून काढून सरळ स्कॅन करायचा, कारण उजेडात तो काळवंडत जातो.

एप्रिलचा शेवटचा रविवार जगभर पिनहोल दिन म्हणून पाळतात. तोपर्यंत दहा तुकडे खराब करून घ्या, अकरावा जमेल. पहिला तुकडा काळाच आला तर डब्यात उजेड शिरतोय, झाकणाला काळी टेप लावा. आणि निगेटिव्ह पाठवा, चांगलं नसलं तरी. पुढच्या भागात त्यावरच बोलू.